लिस्बन : एक मुद्रितशोधन

मराठी प्रवासवर्णनात लिस्बन येते ते ठरलेल्या सामानासह. सात टेकड्या, चढणीवर कण्हत जाणारी पिवळी ट्राम, भिंतींवरच्या निळ्या-पांढऱ्या फरशा, दालचिनी भुरभुरलेली पाश्तेल द नाता, रात्री काळी शाल पांघरून फादो गाणारी बाई आणि तेजू नदीच्या मुखावर मावळणारा सूर्य. हे सारे खरे आहे आणि सुंदरही आहे. आमचे भांडण या सामानाशी नाही. त्याच्या मधोमध, बेलेमच्या धक्क्यावर उभे राहून जे एक वाक्य हमखास लिहिले जाते, त्याच्याशी आमचे भांडण आहे. ते वाक्य असे : येथूनच वास्को-द-गामा भारताचा शोध लावण्यासाठी निघाला. पुस्तकांत, दिवाळी अंकांत, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत आणि सहल-कंपन्यांच्या माहितीपत्रकांत हे वाक्य इतक्यांदा आले आहे की, ते आता कोणा एका लेखकाचे उरलेले नाही. ते या साहित्यप्रकाराचेच वाक्य झाले आहे. म्हणून येथे कोणाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. खटला वाक्यावर आहे.

या वाक्याचे व्याकरण पाहावे. कर्ता वास्को-द-गामा, शोध लागतो तो भारताचा, आणि लिहिणारा मराठी. हा लिहिणारा उभा कोठे आहे? तो धक्क्यावर, निघणाऱ्यांच्या बाजूला, जणू निरोपाचा रुमाल हलवीत उभा आहे. ज्या किनाऱ्याला ती जहाजे पुढे येऊन लागली, त्या किनाऱ्याच्या भाषेत तो लिहितो आहे. पण त्याची नजर तेथली नाही. आपल्या घरात शिरणाऱ्याच्या खांद्यावरून आपलेच घर पाहावे आणि 'वा, काय घर सापडले!' म्हणावे, तशी ही अवस्था आहे. इंग्रजी मार्गदर्शिकेत हे वाक्य आले तर ते समजू शकते. मराठीत ते येते तेव्हा ते अनुवादित असते, आणि आपण अनुवाद करीत आहोत याचा पत्ता अनुवादकाला नसतो.

आता वस्तुस्थिती. जुलै १४९७ मध्ये निघालेली गामाची जहाजे मे १४९८ मध्ये कालिकतनजीक पोहोचली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मालिंदीपासून पुढचा समुद्र त्यांना एका जाणत्या वाटाड्याने पार करून दिला. कालिकतला पहिल्यांदा किनाऱ्यावर ज्याला पाठवले गेले, तो जहाजावर आणलेला शिक्षा झालेला कैदी होता. तेथे त्याला भेटले ते ट्युनिसचे दोन मुसलमान, आणि ते त्याच्याशी बोलले ते कॅस्टिलियन भाषेत. ही हकीकत पोर्तुगिजांच्या शत्रूंनी रचलेली नाही. त्याच सफरीवरच्या एका माणसाने लिहिलेल्या रोजनिशीत ती आहे. ज्या किनाऱ्यावर पाहुण्याचे स्वागत त्याच्या शेजारच्या देशाच्या भाषेत होते, त्या किनाऱ्याचा 'शोध' कसा लागतो? सागरी मार्ग जुळला असे म्हणा. युरोपीय व्यापाराला अरब मध्यस्थांना टाळणारी वाट सापडली असे म्हणा. या दोन्ही गोष्टी मोठ्या आहेत आणि त्या नाकारण्याचे कारण नाही. मात्र 'भारताचा शोध' हे शब्द त्यांचे वर्णन करीत नाहीत. त्याच गामाने १५०२ साली, दुसऱ्या सफरीत, मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे 'मीरी' नावाचे जहाज शेकडो माणसांसह जाळले. धक्क्यावरच्या सूर्यास्तात त्या धुराला जागा नसते.

आम्ही लिस्बनला गेलो ते पर्यटक म्हणूनच. व्हिसावर तसेच नोंदलेले होते. त्यामुळे पर्यटनाला तुच्छ लेखण्याचा अधिकार आम्हांला नाही आणि तशी इच्छाही नाही. आमचे म्हणणे एवढेच की, युरोपातल्या ज्या थोड्या राजधान्यांत मराठी माणसाला केवळ प्रेक्षक होता येत नाही, त्यांत लिस्बन पहिली आहे. प्राग किंवा व्हिएन्ना येथे आपण परके असतो. लिस्बनमध्ये आपण पक्षकार असतो.

बेलेमपासूनच आरंभ करू. १५०१ च्या सुमारास पायाभरणी झालेला जेरोनिमुश मठ पाहून डोळे दिपतात. दोरखंडांच्या पिळासारखे खांब, दगडात फुललेली सागरी वनस्पती, कमानींवर नांगर आणि खगोलयंत्रे. या बांधकामाचा खर्च भागला तो मुख्यतः आफ्रिका आणि पूर्वेकडील व्यापारावर बसवलेल्या सुमारे पाच टक्के करातून. चर्चमध्ये प्रवेश करताच एका बाजूला वास्को-द-गामाचे आणि दुसऱ्या बाजूला कवी कामोंइश याचे थडगे आहे. दोन्ही थडगी एकोणिसाव्या शतकात घडवलेली. गोव्यात राहिलेल्या या कवीने १५७२ साली 'उश लुझियादश' हे महाकाव्य लिस्बनमध्ये प्रसिद्ध करून गामाच्या सफरीला पुराणाची प्रतिष्ठा दिली. साम्राज्य करणारा आणि साम्राज्याचे काव्य करणारा एकाच छताखाली समोरासमोर झोपले आहेत. वाङ्मय आणि सत्ता यांच्या संबंधावर याहून नेमका धडा कोणत्या वर्गात मिळेल? पण बहुतेक लोक गर्भागाराकडे न जाताच परततात. तेथे राजा मानुएल आणि त्याच्या वंशातील राजा-राण्यांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या आहेत. आपल्या देवळांच्या जोत्यावर गजथर असतो, तो आपल्या परिचयाचा आहे. येथे तोच प्राणी ख्रिस्ती राजाचे प्रेत वाहतो आहे.

थोडे पुढे नदीत पाय सोडून उभा असलेला बेलेमचा बुरूज. त्याच्या एका मनोऱ्याच्या तळाशी, पावसावाऱ्याने झिजलेले, गेंड्याचे शिल्प आहे. गुजरातचा सुलतान मुजफ्फर शाह याने अफोन्सु द आल्बुकेर्क याला भेट दिलेला गेंडा गोव्यामार्गे जहाजात चढला आणि २० मे १५१५ रोजी लिस्बनला उतरला. सोबत त्याचा भारतीय रखवालदार होता. त्याचे नाव पोर्तुगीज तोंडात 'ओसेम' असे होऊन उरले आहे. राजाने गेंड्याची हत्तीशी झुंज लावली, हत्ती पळाला. पुढे हा प्राणी पोपला नजराणा म्हणून पाठवला गेला आणि १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून, साखळदंडांत जखडलेला, बुडाला. ड्यूररने त्याला कधी पाहिले नाही. लिस्बनहून आलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्याने १५१५ सालीच आपले जगप्रसिद्ध काष्ठमुद्राचित्र केले. पोर्तुगीज त्या प्राण्याला 'गांदा' म्हणत. आपला शब्द गेंडा. दोन्हींच्या मुळाशी संस्कृतातला 'गण्ड'. म्हणजे त्या बुरुजावर आपल्या भाषाकुळातला एक शब्द दगड होऊन पाचशे वर्षे बसला आहे, आणि आपले प्रवासी त्याच्याकडे पाठ करून स्वतःचे छायाचित्र काढून घेतात.

याच धक्क्यावरून आणखी एक वस्तू गेली. २९ मार्च १५५६ रोजी निघालेल्या जहाजांत एक मुद्रणयंत्र होते. जायचे होते ॲबिसिनियाला. योगायोगाने राहिले गोव्यात. भारतातले मुद्रण असे सुरू झाले. १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहूनच निघालेला एक इंग्रज जेझुइट त्याच वर्षी गोव्यास पोहोचला. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. त्याने मराठी इतकी आत्मसात केली की, १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापलेले त्याचे 'क्रिस्तपुराण' आपण आजही एम.ए.ला शिकवतो. फादर स्टीफन्सचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि ज्या सत्तेच्या जहाजातून तो आला, त्या सत्तेने गोव्यात काय केले हे आपण जाणतो. तरीही प्रवासी म्हणून त्याचा आणि आपला ताळेबंद मांडून पाहावा. तो लिस्बनहून निघाला आणि त्याने ओवी लिहिली. आपण लिस्बनला जातो आणि नदीच्या नावाचा उच्चारही विचारून घेत नाही.

बेलेमच्या काठावर आज सर्वांत अधिक गर्दी असते ती जहाजाच्या नाळेसारख्या उंच स्मारकापाशी. 'शोधांचे स्मारक' असेच त्याचे नाव. राजपुत्र हेन्री आणि त्याच्यामागे दोन्ही बाजूंनी चढत जाणाऱ्या मूर्ती : गामा, आल्बुकेर्क, फ्रान्सिस झेवियर, कामोंइश. तेहेतीस मूर्तींमध्ये स्त्री एकच. हे स्मारक मध्ययुगातले नाही, पंधराव्या-सोळाव्या शतकातलेही नाही. सालाझारच्या राजवटीने १९४० च्या प्रदर्शनासाठी ते तात्पुरत्या सामग्रीत उभारले आणि १९६० साली दगड-काँक्रीटमध्ये पुन्हा बांधले. १९६० हे साल मराठी माणसाने विसरावे असे नाही. त्या वर्षी इकडे महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि गोवा अद्याप पोर्तुगीज अमलाखाली होता. म्हणजे हे स्मारक इतिहासाचे अवशेष नव्हे. ते चालू मालकीहक्काची पाटी होती. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, ती पाटी निदान गोव्यापुरती खोटी ठरली.

या स्मारकाशेजारून एक लोहमार्ग जातो. शहरातल्या काइश दु सोद्रे स्थानकातून निघणारी लोकल बेलेमवरून समुद्राच्या कडेकडेने कश्काइशच्या पुळणीपर्यंत जाते. सगळ्या मार्गदर्शिका ही छोटी सहल सुचवतात. बेलेम आणि कश्काइश यांच्या दरम्यान काशियाश नावाचे स्थानक लागते. तेथे पर्यटक उतरत नाहीत. काशियाशच्या किल्ल्यात सालाझारच्या राजकीय पोलिसांचा तुरुंग होता आणि त्या तुरुंगात मोहन रानडे होते. मूळचे सांगलीचे मनोहर आपटे, गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून गेले, आझाद गोमंतक दलात सामील झाले, १९५५ साली बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. गोवा मुक्त झाला तरी त्यांची सुटका झाली नाही. त्यानंतर सात वर्षांहून अधिक काळ ते पोर्तुगालच्या कैदेतच होते, त्यांतली कित्येक वर्षे एकान्तवासात. त्यांच्या सुटकेसाठी महाराष्ट्रात समिती स्थापन झाली, सुधीर फडके यांनी त्यासाठी जिवाचे रान केले, आणि जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. त्यांचे 'सतीचे वाण' मराठीत आहे. कवी तेलो द मास्कारेन्यश यांना सुटण्यासाठी १९७० साल उजाडावे लागले. त्याआधी त्रिस्ताव ब्रागांस कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे यांना पेनिशच्या सागरी किल्ल्यात ठेवले होते. तो किल्ला आता, २०२४ पासून, प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे.

मराठीतल्या प्रवासवर्णनांच्या कपाटात लिस्बनचा शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याला ट्राम मिळते, फादो मिळतो. काशियाश मिळत नाही. एक मराठी शिक्षक लिस्बनच्या उंबरठ्यावर वर्षानुवर्षे राहिला आणि त्याने शहर पाहिले नाही. मराठी पर्यटक चार दिवसांत सगळे शहर पाहतो आणि त्याला हा शिक्षक दिसत नाही. यात कोणाचे पाहणे अपुरे म्हणायचे?

'तुरुंग' हा शब्दच घ्या. तो मराठीत आला पोर्तुगीज 'त्रोंकु'वरून. पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, पगार, घमेले, बिजागरी हे त्याच वाटेने आलेले सोबती. पर्यटक उपाहारगृहात 'पाव' मागतो आणि शब्द जुळल्याच्या आनंदाने हरखतो. प्रवासवर्णनात या आनंदाचा एक परिच्छेद असतोच. पगार आणि तुरुंग हे शब्दही त्याच जहाजातून उतरले याचा परिच्छेद मात्र नसतो. या शब्दांचा हिशेब ज्याने मांडला, तो माणूस लिस्बनमध्येच वारला. आसगावचे मोन्सेन्योर सेबास्त्यांव रोदोल्फु दालगादु यांनी आशियाई भाषांवरील पोर्तुगीज शब्दसंपत्तीच्या प्रभावाचा ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध केला, लिस्बनमध्ये संस्कृत शिकवले, दोन्ही पाय गमावल्यावरही दोन खंडांचा लुझो-आशियाई शब्दकोश पुरा केला आणि १९२२ साली देह ठेवला. मराठीच्या भाषाशास्त्राचे धडे देणाऱ्या आम्हां सर्वांवर त्यांचे ऋण आहे. लिस्बनच्या मराठी वर्णनांत त्यांचा उल्लेख शोधून पाहावा.

शहराच्या मध्यावर आले की रोसियू चौक लागतो. पांढऱ्या-काळ्या दगडांच्या लाटा असलेली फरसबंदी आणि तिच्या उत्तरेस राष्ट्रीय नाट्यगृहाची देखणी इमारत. ती ज्या जागी आहे, त्या जागी इन्क्विझिशनचा वाडा होता. १५६० साली गोव्यात बसलेले आणि मधल्या खंडासह १८१२ पर्यंत चाललेले न्यायासन लिस्बनच्या सर्वोच्च मंडळाला उत्तरदायी होते. अ. का. प्रियोळकरांनी ज्या विषयावर १९६१ साली ग्रंथ लिहिला, त्याचे मुख्यालय हे. लगतच्या साव दोमिंगुश चर्चपुढे १५०६ साली 'नवख्रिस्ती' ज्यूंची कत्तल झाली; तिची आठवण ठेवणारा दगड शहराने स्वतः तेथे बसवला आहे. १ नोव्हेंबर १७५५ चा भूकंप, मागून आलेली समुद्राची लाट आणि आग यांत राजवाडा गेला आणि त्यातले भारत-व्यापाराचे दप्तरही गेले. तरी तोर्रे दु तोंबु या राष्ट्रीय अभिलेखागारात अद्याप इतके उरले आहे की, कोकणचा इतिहास लिहिणाऱ्याला लिस्बन टाळता येत नाही. मान्सूनच्या वाऱ्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांमुळे 'मान्सून-ग्रंथ' नाव पडलेल्या पत्रव्यवहाराचे काही खंड तेथे आहेत, बाकीचे गोव्यात. पांडुरंग पिसुर्लेकरांनी 'पोर्तुगीज-मराठे संबंध' सिद्ध केला तो अशाच कागदांच्या बळावर. मुंबईही याच शहराच्या कागदांतून गेली : १६६१ च्या विवाहकरारात ब्रागांसा घराण्याच्या कॅथरीनबरोबर ती इंग्लंडला आंदण मिळाली. या करारात मुंबईकराला कोणी विचारले नव्हते, हे सांगण्याची गरज नाही.

येथे एक आक्षेप आम्हांला ऐकू येतो. 'प्रवासवर्णन म्हणजे इतिहासाचे पुस्तक नव्हे. आठ दिवसांच्या आनंदासाठी आयुष्यभर पैसे साठवलेल्या माणसाच्या डोक्यावर हे ओझे कशाला?' आक्षेप प्रामाणिक आहे. मात्र त्यात एक गृहीत लपले आहे : जाणले की आनंद कमी होतो. अनुभव उलट सांगतो. ओसेम आणि त्याचा गेंडा यांची हकीकत ठाऊक असलेल्याला तो बुरूज अधिक रंजक वाटतो की कमी? शिवाय हा दोष व्यक्तीच्या प्रतिभेचा नसून प्रकाराचा आहे, याचा पुरावा लिस्बननेच ठेवला आहे. फर्नांदो पेसोआ या विसाव्या शतकातल्या थोर कवीने १९२५ च्या सुमारास परकीय पर्यटकांसाठी आपल्या शहराची इंग्रजी मार्गदर्शिका लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, १९९२ साली, छापून आली. या मार्गदर्शिकेत पर्यटक समुद्रमार्गे येतो, मोटारीत बसतो, एका स्मारकाकडून दुसऱ्याकडे नेला जातो आणि वाटेत विशेषणांची आरास असते. त्याच माणसाने त्याच शहराच्या बायशा भागातल्या एका हिशेबनिसाच्या नावाने 'अस्वस्थतेचे पुस्तक' लिहिले, ज्यातली एक गल्ली साऱ्या जगाला पुरून उरते. हात एकच, शहर एकच, लिस्बने दोन. पर्यटकासाठी लिहायला बसला तेव्हा पेसोआदेखील पेसोआ राहिला नाही. तेव्हा आपल्या लेखकांनी मनाला लावून घेऊ नये. पण हा प्रकार जसा आहे तसा चालवूही नये.

दुसरा आक्षेप नव्हे, दुसरा धोका आहे, आणि तो अलीकडे वाढला आहे. 'शोध लावला' हे वाक्य खोडून त्या जागी 'लुटारूंचे शहर' असे लिहिले की देशप्रेमाचे कर्तव्य संपले, असे मानणारे लेखनही दिसते. आम्ही त्याच्याही विरुद्ध आहोत. ज्या काशियाशमध्ये रानडे होते, तेथेच सालाझारशाहीशी झुंजणारे पोर्तुगीज राजबंदी होते. त्यांचे जेलर एकच होते. आणि २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर दोनच दिवसांत त्या तुरुंगाचे दरवाजे उघडले गेले. प्रधान गिरजाघराशेजारचा, अठ्ठावीस क्रमांकाची ट्राम ज्याच्या दारावरून वळते तो, आल्जुबचा जुना राजकीय तुरुंग २०१५ पासून प्रतिकाराचे संग्रहालय आहे. 'पोर्तुगीज' हे एकजिनसी नाम नाही. आणि युद्धातली लूट मिरवण्याचा दोष फक्त बेलेमला लावायचा असेल, तर १७३९ च्या वसई मोहिमेनंतर चर्चमधून उतरवून आणलेल्या घंटा आपल्या देवळांत आजही टांगलेल्या आहेत. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, मेणवलीला, भीमाशंकरला आपण त्या कौतुकाने दाखवतो. बेलेमच्या हत्तींकडे पाहताना मेणवलीची घंटा आठवली नाही, तर तोही अर्धाच पाहणारा प्रवासी.

'यजमानांच्या घरी जाऊन त्यांचा इतिहास काढणे बरे दिसत नाही,' असेही सौजन्यशील लोक म्हणतील. त्यांना हे ठाऊक नसावे की यजमानच आपसात वाद घालीत आहेत. लिस्बनमध्ये 'शोधांचे संग्रहालय' उभारण्याची कल्पना पुढे आली, तेव्हा २०१८ साली शंभराहून अधिक इतिहासकार आणि समाजशास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून त्या नावालाच हरकत घेतली. ज्यांची भूमी आधीपासून वसलेली होती, त्यांच्या बाजूने पाहिल्यास हा शब्द टिकत नाही, असा त्यांचा रोख होता. त्याआधी, २०१७ साली, गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांच्या स्मारकाला शहरातील नागरिकांनी मतदानाने पसंती दिली होती. ज्या शब्दाची पोर्तुगीज विद्वानांना लाज वाटू लागली, तो शब्द मराठी लेखक अजून हौसेने वापरतो. पाहुण्याने यजमानापेक्षा अधिक साम्राज्यवादी असावे, हे कोणत्या सौजन्यात बसते?

आणि आजचे काय? किल्ल्याच्या पायथ्याशी मोरारिया भागात, बेनफोर्मोझु रस्त्यावर, बांगलादेशी, नेपाळी, पाकिस्तानी, भारतीय दुकाने आहेत. १९ डिसेंबर २०२४ रोजी पोलिसांनी तेथे डझनावारी माणसांना हात वर करून भिंतीकडे तोंड करून उभे केले. त्यावर सारा देश वाद घालीत होता. तारीख गोवामुक्तिदिनाची, हा योगायोगच. ज्या देशाने भारतीय वंशाच्या पित्याचा पुत्र, आन्तोनियू कोश्ता, २०१५ ते २०२४ पंतप्रधान म्हणून पाहिला, त्याच देशात हेही घडते. आपला पर्यटक या रस्त्यावर जेवतो, 'डाळ-भात मिळाला' अशी नोंद करतो आणि वाढणाऱ्याला विचारीत नाही की बाबा, तू येथे कसा.

जुझे सारामागो याच्या 'लिस्बनच्या वेढ्याचा इतिहास' या १९८९ च्या कादंबरीचा नायक मुद्रितशोधक आहे. ११४७ साली मूरांकडून लिस्बन घेताना धर्मयोद्ध्यांनी पोर्तुगिजांना साहाय्य केले, अशा आशयाच्या वाक्यात रायमुंदो सिल्व्हा हा मध्यमवयीन, पापभीरू माणूस एके दिवशी एक शब्द घुसवतो : 'नाही'. त्या एका नकारातून कादंबरी जन्मते. सारामागोच्या रक्षा ज्या ऑलिव्हच्या झाडाखाली आहेत, ते झाड नदीकाठी 'काझा दुश बिकुश' या टोकदार दगडांच्या दर्शनी भिंतीच्या घरासमोर आहे, आणि त्या घरात २०१२ पासून त्याचे प्रतिष्ठान आहे. हे घर सोळाव्या शतकात बांधले ते ब्राश द आल्बुकेर्कने. १५१० साली गोवा जिंकणाऱ्या आल्बुकेर्कच्या मुलाने. गोव्याच्या विजेत्याच्या मुलाच्या घरात आज 'नाही' लिहिणाऱ्या लेखकाचे कागद आहेत. लिस्बनने स्वतःचे मुद्रितशोधन सुरू केले आहे, असा आम्ही याचा अर्थ घेतो.

आपल्या भाषेला तर ही सोय जन्मतः आहे. 'शोध' शब्दाच्या मुळाशी असलेला 'शुध्' धातू शुद्ध करण्याचा आहे. हरवलेले हुडकणे आणि चुकलेले सुधारणे हे दोन्ही अर्थ मराठीने एकाच शब्दात राखले. मग लिस्बनला जाणाऱ्या मराठी लेखकाने दुसरा अर्थ पत्करायला काय हरकत आहे? गोडसे भटजी १८५७ साली दक्षिणेच्या आशेने वरसईहून निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' आपल्याला अजून वाचावासा वाटतो, कारण त्यांनी आपण या प्रसंगाबाहेरचे आहोत असे भासवले नाही. मराठी प्रवासवर्णनाचा आरंभकाळ असा आहे आणि आपण त्याला फराळाच्या याद्यांपर्यंत आणून सोडले.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रवासवर्णन हा घटक शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी 'सतीचे वाण' एकदा आत्मचरित्रांच्या कपाटातून काढून प्रवासवर्णनांशेजारी ठेवावे आणि विद्यार्थ्यांना विचारावे की, परदेशगमनाची व्याख्या आता कशी करायची. भाषेचा इतिहास शिकवताना पाव-बटाट्याबरोबर पगार आणि तुरुंगही फळ्यावर लिहावेत. आणि जो कोणी पुढच्या दिवाळी अंकासाठी लिस्बनवर लिहील, त्याने ट्राम, फादो, सूर्यास्त सगळे खुशाल लिहावे. कश्काइशच्या लोकलमध्ये बसला असेल, तर काशियाशला पाच मिनिटे उतरावे. ते न जमल्यास निदान बेलेमच्या त्या वाक्यापाशी लाल शाईची लेखणी उचलावी. 'लावला' या शब्दाच्या पुढे एक शब्द वाढवायचा आहे. जागा पुरेशी आहे.